मुकी हाळी

गावात कोणी पाहुणा उतरला की त्याला माझ्या ओट्यावर आणून बसवायचं, अशी इथल्या लोकांना खोड लागली आहे. देवळात पुजारी आहे, पंचायतीत चार शिकलेले लोक आहेत, पण नाही. "बाबांना ठाऊक आहे, बाबांना विचारा." बाबा म्हणजे काय रस्त्यावरची पाणपोई आहे, कोणीही यावं आणि ओंजळ धरावी? माझे गुडघे गेले, दम लागतो, आणि ही गोष्ट सांगून सांगून मला तिचा वीट आला आहे. पण आलात तर बसा. एकदाच सांगतो. मधे कोणी तोंड घातलं तर मी उठून आत जाईन, मग विचारत बसा त्या टेकडीलाच.

ती समोरची. तिला मुक्याची टेकडी म्हणतात. डोंगर पार तिकडं खिंडीपाशी, इथं आसपास सगळं सपाट रान आणि मधेच ही एवढी उभी कशी, असं येणारा प्रत्येकजण विचारतो. तिच्यात दगड नाही. कुठंही पहार घाला, वरपासून खालपर्यंत नुसता काळा गाळ लागतो. तिच्या पायथ्याला जोखाईचं तळं आहे. हा सगळा गाळ त्या तळ्यातला, माणसांनी डोक्यावर वाहिलेला. आणि सकाळी तुम्ही जो माणूस पाहिलात, गाळ वाहायची रिकामी पाटी घेऊन दारोदार मुकाट उभा राहणारा, तो भिकारी नव्हे. तो पंचायतीचा शिपाई. उद्या ग्रामसभा आहे, तिचं बोलावणं करत होता. त्याला वाचा आहे, एरवी चांगला बडबड्या आहे. पण सभेचं बोलावणं आमच्या हिंगणदरीत तोंडानं करत नाहीत. त्याला मुकी हाळी म्हणतात.

फार मागची गोष्ट आहे. किती मागची, ते माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. तेव्हा हाळी मुकी नव्हती. गावात सटवाजी म्हणून एक माणूस होता. बैठक ठरली की घरोघर जाऊन हाळी द्यायची, हे काम त्याच्या घराण्यात चालत आलेलं. दारात उभं राहायचं आणि मोठ्यानं हाक मारायची, "पंच हो, पारावर चला!" आवाज असा, की म्हणे वरच्या आळीत हाक दिली तर तळ्यावरची ढोरं माना वर करायची. गावाचा नेम होता, की सटवाजीच्या तोंडून हाळी आल्याशिवाय बैठक ती बैठक नव्हे. आणि दुसरा नेम त्याहून वाईट. बैठकीत प्रत्येक घरानं पाळीपाळीनं बोलायचं, आणि एक जरी घर कमी पडलं तर झालेलं सगळं बोलणं पाण्यात. पुन्हा हाळी, पुन्हा बैठक, पुन्हा पहिल्यापासून. कोणावर अन्याय नको म्हणून जुन्या लोकांनी हे बांधून दिलं होतं. चांगल्या मनानं केलेल्या नेमानं गाव जेवढं बुडतं, तेवढं चोरांनी बुडत नाही.

त्या काळी तळं गाळानं भरत आलं होतं. तळ्याच्या खालच्या अंगाला एक वाडी होती, तिच्या विहिरीला तळ्याचाच पाझर. तळं उथळ झालं तसा पाझर आटला. सटवाजीचं घर त्या वाडीत, आणि भिंतीला भिंत लागून त्याच्या धाकट्या भावाचं, म्हाळूचं. आईबाप लवकर गेले, तेव्हा सटवाजीनंच म्हाळूला खांद्यावर वागवून मोठा केला. त्याचं लग्न लावलं, त्याला घर उभं करून दिलं. सटवाजीला पोरबाळ नव्हतं. त्याचं जे काय होतं, ते म्हाळू.

म्हाळू एक दिवस म्हणाला, "दादा, चिखल गाळून पितोय आपण. गाव गाळ काढणार आसंल तर मी हाय. न्हाईतर सासरवाडीला बारमाही नदी हाय. तिकडं जातो बिऱ्हाड घिऊन."

"काढतील रं. आजच हाळी दिलीया," सटवाजी म्हणाला.

"तुझी हाळी! हाळीनं विहीर भरत आसती तर आत्तापातूर पूर आला आसता."

सटवाजीनं काठी उचलली आणि पारावर गेला.

पारावर नेहमीचंच. वरच्या आळीचे म्हणाले, पाणी वाडी पिते, गाळ वाडीनं काढावा. वाडीचे म्हणाले, गाळ तुमच्या नांगरटीचा, तुमचं रान तुम्ही उचलून न्या. मधे हैबती पाटील बसलेला. माणूस वाईट नव्हता, पण स्वतःचा आवाज ऐकायची त्याला फार हौस.

"आज ठरल्याबिगर उठायचं न्हाई," पाटील म्हणाला. "सुपारी फिरवा."

"मागल्या खेपंला बी सुपारीच फिरली," वाडीतली धुरपा म्हातारी खालून ओरडली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण तोंडाला कधी झापड आली नाही. "पाटला, गाळ तळ्यातला काढायचाय का दातातला?"

लोक हसले. हसण्यात थोडा वेळ गेला, भांडण्यात पुष्कळ गेला, आणि पाळी शेवटच्या घरावर आली तेव्हा कळलं की त्या घरचा राघू बैल बघायला बाजारी गेला आहे. झालं. एक घर कमी. पाटलानं उपरणं झटकलं आणि म्हणाला, "सटवा, परवा पुन्यांदा हाळी दे."

असं वरचेवर होत राहिलं. कधी राघू नाही, कधी कोणाला सुतक, कधी कोणी रुसून घरात बसलेला. सटवाजी आपला दारोदार. माणूस कामानं थकत नाही एवढा फुकटच्या कामानं थकतो. असं सांगतात, की एका सकाळी तो पाटलाच्या दारात हाळी द्यायला उभा राहिला, तोंड उघडलं, आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकवेना. तो तसाच वळला, तडक जोखाईच्या देवळात गेला, भंडारा कपाळाला लावला आणि म्हणाला, "आई, या जिभेनं गावाला लई फुकट बोलावलं. आता एक पाटी गाळ, तर एक शब्द. ज्याची पाटी, त्याच्या दारात शब्द. माझ्या घरच्या बोलण्याला माझी पाटी. ह्यो नेम मोडला तर माझी वाचा घे."

देवळातून निघाला तो तळ्यात उतरला. पाटी भरली, डोक्यावर घेतली, काठाच्या बाहेर नेऊन ओतली. बायकोला दाखवून एकच शब्द बोलला, "भाकर."

बैठक नाही म्हणून पहिल्यांदा कोणाचं काही अडलं नाही, उलट बरं वाटलं. पण जोखाईची जत्रा जवळ आली. पालखी कोणी उचलायची, मान कोणाचा, हे बैठकीशिवाय ठरत नसे. पाटलानं आपल्या गड्याला हाळी द्यायला धाडलं. तो बिचारा ओरडून ओरडून दमला, एक दार उघडलं नाही. लोक आतून म्हणायचे, "सटवाजीची हाळी न्हाई ती. कुणाचं तरी वासरू हंबरतंय."

मग पाटील स्वतः तळ्यावर आला.

"सटवा, खुळा झालास काय? हाळी दे."

सटवाजीनं रिकामी पाटी त्याच्यापुढं धरली.

"मी पाटील हाय ह्या गावचा."

सटवाजीनं पाटी तशीच धरून ठेवली. पाटलानं इकडं तिकडं पाहिलं, शिव्या दिल्या, आणि शेवटी धोतराचा काचा मारला. त्या दिवशी पाटलाच्या दारात हाळीतला पहिला शब्द पडला, "पंच." बस, तेवढाच. दुसऱ्या दिवशी पाटील पुन्हा आला तेव्हा पुढचा. राघू आला, वरच्या आळीचे आले, कोणी चिडून, कोणी जत्रेच्या भीतीनं. गाळ हळूहळू बाहेर पडू लागला. पण मनानं कोणी येत नव्हतं. आपल्या हाळीपुरती पाटी ओतायची आणि घरी जायचं. तळ्याला त्याचा काय उपयोग? विहिरीत चिखलच होता.

म्हाळूनं तेवढी वाट पाहिली. मग एके दिवशी गाडी जुंपली. बायको पोरांना घेऊन वर बसली. सटवाजी तेव्हा धुरपा म्हातारीच्या दारातून परतत होता. आंधळी म्हातारी पाटी कुठून वाहणार? म्हणून तिच्या वाटच्या पाट्या सटवाजीनं स्वतःच वाहिल्या होत्या, आणि आपले राखलेले शब्द तिच्या दारात टाकून आला होता. त्याच्यापाशी एक शब्द उरला नव्हता.

म्हाळूनं गाडी त्याच्यापुढं थांबवली. "दादा, तू एकदा थांब म्हण. बैल सोडतो. पाणी आसूं का नसूं."

सटवाजीचे ओठ हलले. त्यानं तळ्याकडं बोट दाखवलं, मग हात जोडले, मग पुन्हा तळ्याकडं. म्हाळूला काय कळायचं त्यातून?

"तुला गावासाठी शब्द हाईत. म्हाताऱ्या कोताऱ्यांसाठी हाईत," म्हाळू म्हणाला. "माझ्यासाठीच न्हाईत." त्यानं बैलांच्या पाठीवर हात टाकला.

सटवाजी पळाला. त्या वयात असा पळाला, की म्हणे त्याचं पागोटं सुटून बांधावर पडलं, ते त्यानं उचललं नाही. तळ्यात उतरला, हातांनीच गाळ ओढून पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि चढू लागला. गाडी खिंडीकडं निघाली होती. चढावर पाय घसरत होते, गाळ कानांमागून गळत होता. काठावरच्या गाळाच्या ढिगाच्या निम्म्यावर आला तेव्हा त्यानं वर पाहिलं. गाडी खिंडीच्या तोंडाशी पोचली होती. पाटी ओतायला वर जावं तर गाडी जाणार. न ओतता बोलावं तर वाचा जाणार. पाटी डोक्यावर तशीच धरून तो ओरडला, "थांब!"

तसा आवाज त्याच्या गळ्यातून आधी कधी निघाला नव्हता. आणि पुन्हा कधी निघाला नाही. जोखाईनं वाचा घेतली. डोक्यावरची पाटी वाहिलेली धरायची की नाही, यावर आमच्या गावात अजून दोन तट आहेत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडतात. मला विचाराल तर देवीनं हिशेब फार कडक केला.

गाडी खिंडीपलीकडं उतरली होती. वारा इकडं वाहत होता. ज्याच्यासाठी हाक होती, तो सोडून सगळ्यांनी ती ऐकली.

सटवाजीचा आवाज म्हणजे हाळीच, असं समजून गाव घराबाहेर पडलं. माणसं तळ्यावर आली. पाहतात तर सटवाजी पाटी ओतून पुन्हा खाली उतरलेला, पुन्हा भरत असलेला. बोलत नाही. आता पाटी ओतूनही बोलत नाही. पाटलानं विचारलं, "सटवा, काय झालं?" त्यानं तोंड उघडून दाखवलं. आत जीभ होती, आवाज नव्हता.

पाळी कोणाची, घर कोणतं कमी, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही. पाटलानं पाटी घेतली. वरच्या आळीनं घेतली, वाडीनं घेतली. धुरपा म्हातारी काठावर बसून चाचपडत पाट्या भरू लागली. असं सांगतात, की जत्रेपर्यंत तळ्याचा तळ लागला आणि तिथं दगडात बांधलेलं झऱ्याचं जुनं तोंड निघालं. गाळाखाली ते इतकी वर्षं बुजून पडलं होतं. पाणी वर आलं. वाडीची विहीर भरली. वाडी उठली नाही, ती तिथंच आहे.

पुढं पुष्कळ वर्षांनी म्हाळू जत्रेला आला. तळ्याचं पाणी प्याला आणि म्हाताऱ्या भावाशेजारी जाऊन बसला. म्हणाला, "दादा, त्या दिवशी तू एक शब्द बोलला आसतास तर मी गेलो नसतो."

हैबती पाटील मागं उभा होता, तोही म्हातारा झाला होता. तो म्हणाला, "म्हाळू, बोलला हुता रं तो. समद्या गावानं ऐकलं. तू तेवढा खिंडीपल्याड हुतास."

म्हाळू उठला, पाटी घेतली आणि तळ्यात उतरला. दिवस मावळेपर्यंत गाळ वाहिला. सकाळी गाडी जुंपून गेला, कारण त्याची पोरंबाळं आता त्या मातीची झाली होती. सटवाजी खिंडीपर्यंत चालत त्याला पोचवायला गेला.

आजही हिंगणदरीत सभेची हाळी मुकी असते. शिपाई रिकामी पाटी घेऊन आधी वाडीतल्या म्हाळूच्या मोकळ्या जागेपुढं उभा राहतो, मग बाकीच्या दारांत. आजही ज्याला ग्रामसभेत तोंड उघडायचं आहे, त्यानं आधी तळ्यातली एक पाटी टेकडीवर ओतायची. हल्ली काहीजण पिशवीत मूठभर माती आणतात आणि नळ, दिवे, गटार यांवर तासभर बोलतात. पण पाटी वाहिलेल्याला मधे तोडायचं नाही, मग तो शहाणा असो की येडा, एवढं अजून कोणी मोडलं नव्हतं.

मागच्या सभेला मी पाटी वाहिली. ह्या गुडघ्यांनी. वाडीच्या विहिरीला कठडा नाही, त्याबद्दल मला बोलायचं होतं. उभा राहिलो, दोन वाक्यं झाली असतील, तर माईक हातात धरून एकजण मला म्हणाला, "म्हातारबा, बसा खाली, वेळ संपली." सगळ्या गावादेखत. मी बसलो. कठडा अजून नाही आणि त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. जाता जाता पंचायतीवरून जाल, तिथं खुर्चीत बसलेला दिसेल. उपसरपंच आहे. बबन झिंजुर्डे.