उंदरीच्या खाटेची सरळ पट्टी

एका सुतारखान्यात भुशाचा मऊ मऊ ढीग होता. ढिगात एक छोटीशी खाट. खाटेवर उंदरीचं इवलंसं बाळ.

एकदा काय झालं, खाटेची पट्टी मोडली. कट्ट! बाळ खाली घरंगळलं. धप्प!

उंदरीनं दातांनी नवी पट्टी केली. कुर्रुम कुर्रुम! पण ती निघाली वाकडी. बाळ पुन्हा घरंगळलं. धप्प! डोळ्यांवर झोप, आणि झोपायला खाटच नाही. आता काय करावं बाई?

उन्हात भुसा तरंगत होता. हळू... हळू... उंदरी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

भिंतीला मोठ्ठा प्लाय टेकला होता. जांभया देत होता.

"प्लायदादा, बाळ माझं झोपेना! एक सरळ पट्टी दे ना!"

"करवत फिरली तर देईन. नाही तर नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टेबलातून गोल करवत डोकावत होती.

"प्लाय पट्टी देईना, बाळ माझं झोपेना! करवतताई, तू फिर ना!"

"गाईड सरळ उभी राहिली तर फिरेन. नाही तर नाही!"

गाईड म्हणजे करवतीशेजारची लांब दांडी. प्लाय तिलाच टेकून पुढे सरकतो. ती वाकडी, तर सगळंच वाकडं! तुरुतुरु, तुरुतुरु.

"करवत फिरेना, प्लाय पट्टी देईना, बाळ माझं झोपेना! गाईडबाई, तू सरळ राहा ना!"

"टेपनं करवतीपासून माझं अंतर मोजलं तर राहीन. पुढून मोजायचं, मागून मोजायचं, दोन्हीकडे सारखं! नाही तर नाही!"

तुरुतुरु, तुरुतुरु. टेप गुंडाळून पडली होती. गोल गोल, गुडुप.

"गाईड सरळ राहीना, करवत फिरेना, प्लाय पट्टी देईना, बाळ माझं झोपेना! टेपताई, तू मोज ना!"

"खूण करायला पेन्सिल आली तर मोजेन. नाही तर नाही!"

पेन्सिल कुणाकडे? गोदामावशीकडे. सुतारखाना तिचाच. नाकावर चष्मा, केसांत भुसा, कानामागे काहीतरी पिवळं पिवळं.

"टेप मोजेना, गाईड सरळ राहीना, करवत फिरेना, प्लाय पट्टी देईना, बाळ माझं झोपेना! मावशी, पेन्सिल दे ना!"

"अगं, कुठून देऊ? सकाळपासून शोधतेय मेलीला! खिशात नाही. डब्यात नाही. चहाच्या कपातसुद्धा नाही!"

उंदरीला रडूच आलं. तिनं वर पाहिलं. अन् चढली की खांद्यावर! तुरुतुरु, तुरुतुरु.

"मावशी, ही काय! तुझ्या कानामागे!"

"अगं बाई! इथेच होती होय!"

मग काय! पेन्सिल आली. टेपनं मोजलं, पुढून आणि मागून. गाईड सरळ राहिली.

"तू लांब बस हं," मावशी म्हणाली. उंदरी लांब बसली.

करवत फिरली. घुर्रर्र! प्लाय गाईडला टेकून सरकला. न थांबता, सर्रर्र... आणि पट्टी निघाली. सरळ, अगदी सरळ!

पट्टी खाटेत बसली. टक्! बाळ खाटेवर चढलं. या कुशीवर वळलं, त्या कुशीवर वळलं. घरंगळलं का? छे! गाढ झोपलं.

आणि गोदामावशी? ती परत पेन्सिल शोधतेय!

कुठे आहे, तुला माहितीये ना? मग तिला हळूच सांग. अगदी हळू. बाळ झोपलंय.