वाईच थांबायची विहीर

खडकमाळला बाहेरून आलेलं माणूस दोन गोष्टींनी बुचकळ्यात पडतं. आमच्या विहिरीवर घागर बुडाली तरी बाई लगेच दोर ओढत नाही, हातात धरून उभी राहते. दुसरं आमचं 'वाईच'. इतर गावांत वाईच म्हणजे थोडंसं. आमच्याकडे ताप भरला तरी वाईच, सुनेला दिवस गेले तरी वाईच, कुणी पिऊन आला तर "वाईच होऊन आलाय". भावकीत डोकी फुटली तरी पोलिसांना सांगतात, "वाईच झालं."

दवाखान्यात नव्या आलेल्या नर्सबाई एकदा वैतागल्या. "तुमच्या गावात कुणाला पुरतं काही होतच नाही का?" तेव्हा देवळाची झाडलोट करणारे केरबातात्या त्यांना विहिरीपाशी घेऊन आले. पाहुण्यांना ते नेहमी इथंच आणतात आणि काठाला हात न लावता सांगतात.

फार पूर्वी गावातलं पाणी आटलं. गुरं आधीच दुसरीकडे धाडली होती. माणसांचंही निघायचं ठरलं होतं. सटवाजी नावाचा विहिरी खोदणारा तेवढा खोदत राहिला. पाण्याला हात लागल्याशिवाय वर येणार नाही, असा त्यानं देवीपुढं शब्द दिला होता, असं सांगतात.

खोदणाऱ्यांचा एक नियम होता. खालच्यानं सांगितल्याशिवाय दोर ओढायचा नाही. मागं एकदा वरच्यांनी घाईनं ओढला आणि कमरेला गाठ पुरती न बसलेला माणूस निम्म्यातून पडला, तेव्हापासूनचा तो नियम. काठावर खालच्याची बायको बसायची, कारण आवाज तिच्या ओळखीचा. म्हणून सटवाजीची बायको ठकूबाई काठावर होती.

ती मधून मधून विचारायची. "दमलाय का?"

"वाईच."

"ओल लागली का?"

"वाईच."

वरचे गडी हसले म्हणे. सटवाजी शब्दही पाण्यासारखे जपून वापरतो, असं कुणीतरी म्हणालं. ठकूबाईही हसली.

दुपार कलली तशी एका बाजूचा मुरूम सुटायला लागला. आधी खडे पडले, मग ढेकळं. गड्यांनी दोर धरला. ठकूबाईनं वाकून विचारलं, "ओढू का?"

"वाईच थांब."

ती थांबली. खाली पहारीचे घाव ऐकू येत होते. मग कातळ फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ ती बाजू खचली. गड्यांनी ओढायला हात घातले, तर ठकूबाईनं दोरावर आपले हात ठेवले.

"त्यांनी थांब म्हटलंय," ती म्हणाली.

कुणी तिचे हात काढले नाहीत. नियम सगळ्यांनाच माहीत होता. शेवटी त्यांनी दोर ओढला तेव्हा तो हलका आला. खालून गढूळ पाणी चढत होतं आणि त्यावर सटवाजीची माती उपसायची पाटी तरंगत होती.

गाव उठलं नाही. लोक पाणी भरायला लागले. ठकूबाई काठावर बसून राहिली. तिला रडताना कुणी पाहिलं नाही. जेवलीस का, ऊन लागतंय का, आठवण येते का, काहीही विचारलं तरी ती "वाईच" म्हणायची, सगळं एकाच आवाजात. पुढं तिच्यासमोर दुसरा शब्द काढायची लोकांना लाज वाटू लागली. ताप, भूक, बाळंतपण, मरण, सगळं तिच्याच शब्दात सांगायची सवय गावाला लागली, ती तशीच राहिली.

तात्यांचं सांगून झालं. "तात्या, हे ऐकून तुम्हाला त्रास होत असेल," नर्सबाई म्हणाल्या.

"वाईच," तात्या म्हणाले आणि देवळाकडे चालू लागले.

नर्सबाईंनी पाणी मागितलं, म्हणून तिथं पाणी भरणाऱ्या बाईनं घागर सोडली. आजही घागर बुडाल्याचा आवाज आला की बाई दोर धरून थांबते. किती थांबायचं, हे कुणी शिकवत नाही. खालून काही आवाज येत नाही. मग ती ओढते.