काळ्या दोऱ्यांची सभा

फार पूर्वी, राजे पुष्कळ होते आणि राज्ये लहान होती अशा काळात, डोंगराच्या कुशीत एक नगर होते. नगर उंचवट्यावर होते. त्याच्या एका अंगाला विस्तीर्ण तळे होते, तळ्याला मातीचा रुंद बांध होता, आणि बांधाच्या पायथ्याशी खालची वाडी वसली होती.

या नगरात एक चाल होती. दर अमावास्येला लोक देवीच्या देवळात जात आणि धर्माधिकाऱ्यापुढे आपला दोष सांगत. तो प्रायश्चित्त नेमून देई आणि मनगटावर काळा दोरा बांधी. प्रायश्चित्त पुरे झाले असे त्याला वाटले, की तोच दोरा सोडी. दोरा असेतोवर त्या माणसाने सभेत तोंड उघडायचे नाही. उघडलेच, तर इतरांनी दोन्ही कानांवर हात ठेवायचे. कारण देवीचा रोष असलेला शब्द ऐकणाऱ्यालाही बाधतो, अशी समजूत होती.

ही चाल कोणी सुरू केली ते कोणाला आठवत नव्हते. चूक करणाऱ्याने काही दिवस बोलू नये, ऐकून घ्यावे, एवढाच तिचा मूळ अर्थ असावा. पण अर्थ झिजून गेला होता आणि दोरा तेवढा उरला होता.

राजाला ही चाल फार प्रिय होती. कोणी पाटाच्या पाण्याविषयी तक्रार केली, कोणी वेठीविषयी कुरकुर केली, की पुढच्या अमावास्येला त्याच्या मनगटावर दोरा दिसे. एकही शिपाई पाठवावा लागत नसे. राजा सभेत विचारी, "कोणाची काही हरकत?" आणि शांततेलाच होकार समजून उठे. त्याच्या स्वतःच्या मनगटावर सोन्याचे रुंद कडे होते. तिथे दोऱ्याला जागाच नव्हती.

धर्माधिकारी मात्र दुष्ट नव्हता. तो पहाटे उठे, उपास पाळी, शास्त्राची अक्षरे चुकवत नसे. लोक त्याच्या पाया पडत. तरीही भाकरीत खडा लागावा तसे एक नाव त्याच्या दातांखाली सतत येई. ते नाव केसोबाचे.

केसोबा त्याचा गुरुबंधू. दोघे एकाच गुरूकडे वाढले, एकाच ताटात जेवले. गुरूने देवळाचे आसन धर्माधिकाऱ्याला दिले, कारण त्याचे पाठांतर निर्दोष होते. केसोबाला काहीच दिले नाही. पण अखेरच्या घटकेला गुरूने मान टाकली ती केसोबाच्या मांडीवर. ती मान तिकडे का कलली, हा प्रश्न धर्माधिकाऱ्याला इतकी वर्षे झाली तरी सुटला नव्हता.

केसोबाने बांधाच्या पायथ्याशी, करंजाखाली पाणपोई घातली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो पाणी देई. लोक पाणी पीत, घटकाभर टेकत आणि बोलत. देवळात वाकून येणारी माणसे वाकूनच परत जात. करंजाखालून उठणारी माणसे ताठ उठतात, हे धर्माधिकाऱ्याने देवळाच्या पायरीवरून पुष्कळदा पाहिले होते. तिथून हसणे ऐकू आले की त्याच्या हातातली आरती क्षणभर थांबे.

एका दुपारी तो वाडीतली पूजा आटोपून परतत होता. करंजापाशी बोलणे ऐकू आले, तसा तो झाडाआड थांबला. वाडीतली म्हातारी धुरपदा केसोबाशी बोलत होती. मागच्या अमावास्येला तिने देवळात येऊन, उपासाच्या दिवशी चार दाणे तोंडात टाकल्याचा दोष सांगितला होता. त्याने गंभीरपणे दोरा बांधला होता. आता ती सांगत होती ते निराळेच होते. मुलगा सुनेचे फार ऐकतो हे तिला साहवेना. म्हणून तिने स्वतःची नथ पिठाच्या डेऱ्यात लपवली आणि सुनेवर चोरीचा आळ घेतला. वर्ष झाले, सून मान खाली घालून घरात वावरत होती.

"मला कशाला सांगतेस?" केसोबा म्हणाला. "मी काय तुझी सून आहे?"

"तिला कसं सांगू? हसंल ती मला."

"हसू दे की. वर्षभर रडलीय. थोडी हसली तर तुझं काय जातंय?"

म्हातारी पदर सावरून उठली आणि घरी गेली. काही दिवसांनी सासूसून एकाच जात्यावर समोरासमोर बसून दळताना दिसल्या आणि त्यांच्या ओव्या रस्त्यापर्यंत ऐकू येऊ लागल्या.

एक तुटलेले घर सांधले गेले होते. धर्माधिकाऱ्याला त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत राहिली: खरा दोष तिकडे गेला आणि दाणे तेवढे माझ्याकडे आले. मग त्याने आजवर बांधलेले सगळे दोरे आठवून पाहिले. देवाला निर्माल्य वाहिले, ओवळ्यात शिवले, जांभई देताना चुटकी वाजवली नाही. नगरातली खरी पापे त्याला कोणी सांगितलीच नव्हती. तो लोकांच्या मनांचा धनी समजला जात होता, आणि लोकांनी त्याला ओसरीच्या आत कधी घेतलेच नव्हते. त्या दिवसापासून तो लहानशा कारणानेही दोरा बांधू लागला आणि बांधलेला सोडीनासा झाला.

त्या वर्षी तळे काठोकाठ भरले. बांधाच्या पायथ्याशी नेहमी थोडे पाणी झिरपे. वाडीतल्या बाया तिथे भांडी घाशीत. ते पाणी नितळ असायचे. आता ते गढूळ येऊ लागले. नितळ झिरपते तोवर बांध धड आहे, गढूळ झाले की बांध आतून खचू लागला, हे वाडीत सर्वांना ठाऊक होते. पण सांगणार कोण? वाडीत जवळजवळ प्रत्येक मनगटावर दोरा होता.

पौर्णिमेला सभा भरणार होती. सुगीपूर्वीच्या रिकाम्या दिवसांत वेठीचे हात कुठे लावायचे ते राजा ठरवणार होता. देवळाला नवे शिखर बांधावे अशी धर्माधिकाऱ्याची कित्येक वर्षांची इच्छा होती, आणि राजालाही शिखरावर आपले नाव कोरलेले हवे होते; दोघांत ते आधीच ठरून गेले होते. वाडीतल्या लोकांनी केसोबाला गळ घातली. तो देवळात कधी दोष सांगायला गेलाच नव्हता. त्याचे मनगट मोकळे होते. त्याने सभेत उठावे आणि बांधाविषयी बोलावे.

ही बातमी देवळात पोचली. धर्माधिकारी स्वतः बांधाच्या पायथ्याशी गेला. त्याने झिरपत्या पाण्याखाली ओंजळ धरली. पाणी बोटांमधून गळून गेले आणि तळहातावर माती उरली.

तो भ्याला, भय खरेच होते. पण लगोलग दुसरा विचार त्या भयाच्या उरावर येऊन बसला. केसोबा सभेत उभा राहील. सगळी सभा त्याच्याकडे पाहील. बांध वाचेल, आणि केसोबाने बांध वाचवला असे आया पोरांना सांगत राहतील. त्याने हात धुतला आणि केसोबाला देवळात बोलावणे पाठवले.

पौर्णिमेच्या सकाळी केसोबा आला. प्रायश्चित्तावाचून लोकांना दोषमुक्त करतोस असा तुझ्यावर आरोप आहे, असे धर्माधिकाऱ्याने देवीसमोर त्याचे नाव घेऊन सांगितले. देवीसमोर ज्याचे नाव घेतले जाई, त्याला तिथी कोणतीही असो, हात पुढे करावाच लागे.

"भान्या," केसोबाने त्याला लहानपणीच्या नावाने हाक मारली, "मी पाणी देतो. पाणी पिऊन झालं की लोक बोलतात. माझे कान काय खुंटीला टांगून ठेवू?"

धर्माधिकारी एक पाऊल पुढे आला. त्याच्या हातात दोरा होता.

केसोबाने दोऱ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले आणि हात पुढे केला. "बांध. मी हात मागे घेतला तर वाडी माझ्या बाजूने उठेल, डोकी फुटतील आणि बांध राहील बाजूला. पण मग बांधाचं तू सांग. तुझं तोंड मोकळं आहे. माझं नावसुद्धा घेऊ नकोस."

"सांगतो," धर्माधिकारी म्हणाला. आणि ते म्हणताना त्याच्या मनात कपट नव्हते, हे इथे सांगितले पाहिजे.

दुपारी सभा भरली. राजाने शिखराचा विषय काढला आणि धर्माधिकाऱ्याचे मत विचारले. तो उठला. वाक्य ओठांवर तयार होते: महाराज, आधी बांध. त्याने सभेवर नजर फिरवली. वाडीतले लोक त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते मागच्या रांगेत बसलेल्या केसोबाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यांवर आधीच कृतज्ञता पसरली होती. धर्माधिकाऱ्याच्या ध्यानात आले की तोंड आपले असेल, पण बोलणारा केसोबाच ठरेल.

त्याने ते वाक्य गिळले.

"देवीची इच्छा शिखराची आहे," तो म्हणाला.

"कोणाची काही हरकत?" राजाने विचारले.

केसोबा उभा राहिला. "महाराज, बांध..." त्याने सुरुवात केली. त्याच्या मनगटावरचा दोरा सर्वांना दिसला. चोपदाराने काठी आपटली, आणि सबंध सभेचे हात कानांवर गेले. ज्यांनी त्याला बोलायची गळ घातली होती, त्या वाडीकरांचेही हात सवयीने वर गेले. धुरपदेचेही गेले. केसोबा बोलत राहिला. आतून माती वाहते आहे, फार दिवस नाहीत, हे त्याने सगळे सांगितले. ऐकले फक्त धर्माधिकाऱ्याने. कारण त्याने कान झाकले असते तरी त्याला ते ठाऊकच होते.

सभेनंतर केसोबा वाडीत घरोघर गेला. काही लोक वाडी सोडून निघाले. बाकीच्यांनी त्याच्या मनगटाकडे पाहून दार ओढून घेतले. पौर्णिमेनंतर थोड्याच दिवसांत, भर दुपारी, बांध फुटला. धुरपदेची सून गोठ्यातली जनावरे सोडायला मागे फिरली होती. तिला आणायला केसोबा गेला. दोघांपैकी कोणीच परतले नाही.

सबंध नगर केसोबासाठी रडले. देवळाच्या पायरीवर उभा राहून धर्माधिकारी ते पाहत होता. आपण गेलो असतो तर इतकी माणसे रडली असती का, असा विचार त्याच्या मनात आला. मेलेल्या माणसाचाही आपण हेवा करतो आहोत, हे त्याला दिसले. आयुष्यभर इतरांच्या मनगटांवर जे शोधले, ते त्याला त्या क्षणी स्वतःमध्ये पहिल्यांदा सापडले.

राजाने देवळापुढेच सभा बोलावली. प्रजेच्या पापामुळे देवी कोपली, असे त्याने सांगितले. नगरातल्या उरल्यासुरल्या मनगटांनाही दोरे बांधण्याची आज्ञा त्याने धर्माधिकाऱ्याला केली. धर्माधिकाऱ्याने दोऱ्यांची परडी उचलली. पण तो पायऱ्या उतरून धुरपदेपुढे गेला, एक दोरा तिच्या हातात दिला आणि आपला हात पुढे केला. हा मला बांध, असे तो हळूच म्हणाला.

म्हातारीने दोरा हातात धरला.

"नाय बांधायची," ती म्हणाली. "दोरा बांधला की तुमाला गप बसायला बरं. माझी सून गेली. केसोबा गेला. तुमी आता बोला. आमी कान उघडे ठेवलेत."

तिच्या मनगटावर दोरा होता, तरी या वेळी कोणाचेच हात कानांवर गेले नाहीत. राजाने चोपदाराला खूण केली. पण म्हातारीचे बोलून झाले होते; आता काठी आपटायची कशासाठी? धर्माधिकाऱ्याचे मनगट मोकळे होते. चालीप्रमाणे त्याला बोलण्याचा पूर्ण हक्क होता.

तो बोलला. ओंजळीतली माती सांगितली. सभेच्या सकाळी केसोबाला दिलेला शब्द सांगितला. तो शब्द दुपारी का गिळला तेही सांगितले, आणि हेवा हा शब्द आडपडदा न ठेवता उच्चारला. शिखराचा निर्णय राजाशी आधीच ठरला होता, हेही त्याने सांगितले. राजा मध्येच उठून वाड्याकडे निघून गेला. त्याला कोणी थांबवले नाही आणि कोणी वाटही दिली नाही.

मग लोकांनी एकमेकांच्या मनगटांवरचे दोरे सोडले. जे सुटेनात ते दातांनी तोडले. शिखरासाठी आणलेले दगड बांधाकडे गेले. पुढच्या सभेत राजाने सवयीने विचारले, "कोणाची काही हरकत?" आणि उत्तरे संपेपर्यंत सूर्य मावळला. तिथून पुढे त्याला सभा सकाळी भरवावी लागली.

धर्माधिकाऱ्याला कोणी हाकलले नाही, आणि क्षमाही कोणी केली नाही. तो बांधावरच्या रांगेत उभा राहून मातीच्या पाट्या वाहू लागला. रांगेत त्याच्या आधी धुरपदा उभी असे. ती भरलेली पाटी त्याच्या हातात देई आणि पुढच्या पाटीसाठी वळे. बांध पुरा झाला तरी ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, आणि त्यानेही तिच्याकडे तो मागितला नाही.

म्हणून लहानांनी ऐकावे आणि थोरांनी विसरू नये: जो दुसऱ्यांच्या अपराधांवर आपले आसन मांडतो, त्याला त्या आसनाखाली दडलेला स्वतःचा मत्सर सर्वांत शेवटी दिसतो.