एकही धागा न सुटलेली पट्टी

"एकही धागा बाहेर आला नाही?" साबडेसरांनी पुन्हा विचारलं.

"एकही नाही, सर. तुटलेली कड बघा, किती गुळगुळीत आहे."

अभिरामचा आवाज चढलेला होता. ॲल्युमिनियममध्ये कार्बनचे बारीक धागे घालून केलेली त्याची पट्टी एका कृत्रिम पायात बसायची होती. मिरजेचा एक माणूस सोमवारी त्या पायावर उभा राहणार होता. आणि पट्टी चाचणीत निम्म्या वजनालाच मोडली होती.

धागे एवढे घट्ट बसलेत, म्हणजे दोष धाग्यांचाच, असं अभिरामचं म्हणणं. माल पाठवणाऱ्यांनीच फसवलं म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. धातूने धागे घट्ट धरावेत म्हणून पट्टी भट्टीत दुप्पट वेळ ठेवली होती ती यानेच. बरोबर काम करणारी तबस्सुम मुजावर या जास्तीच्या तापवण्यावरून त्याच्याशी भांडायची, तर पठ्ठ्याने तिला भट्टीवरून काढूनच टाकलं होतं.

सर उठले. मोडलेल्या पट्टीचा तुकडा त्यांनी वाइसच्या शिकंज्यात आवळला आणि हातोडा अभिरामपुढे आपटला.

"मार."

एका घावात तुकडा खापरीसारखा उडाला.

सरांनी कपाटातून दुसरी, मळकी पट्टी काढली आणि तीही आवळली.

"आता ही मार."

अभिरामने घाव घातला. पट्टी वाकली. पुन्हा घातला... तडा गेला, आतले धागे दाढीच्या खुंटांसारखे बाहेर आले, पण पट्टी काही तुटेना. तो चिडून घालतच राहिला. दम लागला तेव्हा थांबला.

"ही घट्ट कुठे आहे? हिचे धागे सरकतायत."

"सरकतात म्हणून तडा अडतो," सर कडाडले. "तू इतकं तापवलंस की धातूने धागा धरला नाही, खाल्ला. आता तडा कुठे अडतच नाही, आरपार जातो. आणि त्यावर तू माणूस उभा करणार होतास."

अभिरामला सरांचा राग आला होता. स्वतःचाही आला होता, पण तो कबूल करणं जड जात होतं.

"कुणी केली ही?"

"तूच. तबस्सुमने तुझ्याशी भांडून मध्येच भट्टी बंद केली, त्या दिवशीची आहे. वाया गेली म्हणून तू भंगारात फेकलीस आणि तिला घालवलंस. मी उचलून ठेवली."

अभिरामने त्या वाकड्या पट्टीतून बाहेर आलेले धागे बोटाने चाचपले.

"मग भट्टी नेमकी कधी बंद करायची, सर?"

सरांनी त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"तुला तबस्सुमचा सगळ्यात जास्त राग येईल तेव्हा."