रिकामा पाट

एका राज्यात बारशाच्या पंगतीला एक पाट रिकामा ठेवत. तो रानातल्या बिनशेपटीच्या वानरांचा, आपलंच गणगोत म्हणून. मग राजा प्रतापशेखराला पुत्र झाला. बारशाला राजगुरू गरजले, "सूर्यवंशाच्या पंगतीत माकडं? उचला तो पाट!" साऱ्या म्हाताऱ्या दरबाऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला अक्कल लागत नाही.

पाट उचलला आणि बाळाची मूठ उघडली. ती पुन्हा मिटेना. मूठ मिटेना, तसं बाळ दूधही ओढेना. राजगुरूंनी होम केला. धूर झाला, बाळ खोकलं, बस्स.

हा पाट उचलल्याचाच शाप, हे ओळखून थोरली बहीण चित्रांगी रानाकडे निघाली.

"पोरीनं वडीलधाऱ्यांना शिकवू नये!" राजगुरू म्हणाले.

"वडीलधाऱ्यांनी पोर मारू नये," ती म्हणाली.

धनेश पक्ष्यानं वाट सांगितली. वडाच्या शेंड्यावर मंत्र जाणणारी वृद्ध वानरी बसली होती.

"आजी, शाप मागे घे."

"आधी वर ये."

चित्रांगी फांदीला लोंबकळत, झोके घेत चढली. खांद्यांना ते आधीच ठाऊक होतं.

"हात दाखव."

तिनं तळवा वानरीच्या तळव्याशेजारी धरला. तशाच रेषा, तशीच चपटी नखं. अंगठा तेवढा चित्रांगीचा लांब.

"आता सांग, वेगळं काय?"

"पाय. तुझे फांदी धरतात, आमचे नुसते चालतात."

"आणखी?"

"आम्ही गोष्टी रचतो. सूर्याची लेकरं आहोत अशी रचली, आणि तिच्यापायी घरच्यांचा पाट उचलला."

"मग खरी सांग. आणि आजी म्हणू नकोस, मी तुझी चुलतबहीण. आपली आजी एकच, ती केव्हाच गेली. तिची काही लेकरं झाडावर राहिली, काही खाली उतरली."

वानरीला सोबत आणून चित्रांगीनं भर दरबारात तेच सांगितलं. राजानं मागे उभ्या वानरीकडे पाहिलं, मग बाळाच्या उघड्या मुठीकडे.

"गुरुजी, पाट मांडा. तुम्हीच."

वानरी बसली. बाळ तिच्या मांडीवर दिलं. बोटांना केस लागले आणि मूठ मिटली, घट्ट. पूर्वी आया झाडांवरून उड्या घेत तेव्हा लेकरं त्यांचे केस धरत, तशी. दुसऱ्या मुठीत वाकलेल्या राजगुरूंची दाढी आली. सुटता सुटेना.

"पकड आमच्याच घरची," वानरी म्हणाली.

मग बाळ पोटभर प्यालं. त्या राज्यात आजही आधी तो पाट मांडतात, मगच वडीलधाऱ्यांना बसू देतात.