ओळख

काळ्या मातीच्या मुलखातल्या एका गावात कापसाचा एक व्यापारी राहत असे. त्याचं नाव विश्वंभरशेठ. त्याला वासंती नावाची एकुलती एक मुलगी होती. तिची आई लहानपणीच गेली होती, म्हणून शेठजींनी तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. मुलीला शिकून मास्तरीण व्हायचं होतं. त्या काळी तसं विद्यालय जवळपास कुठं नव्हतं. शेवटी शेठजींनी मन घट्ट केलं आणि तिला दूर डोंगरापलीकडच्या एका शहरात शिकायला ठेवलं.

तिथं वासंतीला काही म्हणता काही गोड लागेना. माती तांबडी, बोली वेगळी, भाताची चव वेगळी. वर्गात बाई काय शिकवतात तिकडं तिचं लक्ष नसे. वसतिगृहातल्या मुली हसायला लागल्या की तिला वाटे, आपल्यालाच हसतात. एके दिवशी दुपारी तिनं ट्रंक भरली, कुणाला न सांगता ती बाहेर पडली आणि मोटारींच्या अड्ड्याकडे निघाली. रस्ता चुकला आणि ती शिरली ती थेट कुंभारवाड्यात.

एका अंगणात एक म्हातारी चाकावर बसली होती. तिचं नाव हौसाबाई. नवरा वारल्यावर चाक तिनंच हाती घेतलं होतं. बाईमाणसानं चाकाला हात लावू नये, असं भावकीतले लोक म्हणाले होते. तिनं लावला होता, आणि आता तिची मडकी अख्ख्या शहरात जात होती.

वासंतीनं अड्ड्याची वाट विचारली आणि विचारता विचारता तिला रडूच कोसळलं.

हौसाबाईनं चाक थांबवलं. ट्रंकेकडे पाहिलं, पोरीच्या तोंडाकडे पाहिलं. काय झालं, कुठली तू, असं काही तिनं विचारलं नाही. मातीचा एक गोळा पुढं सरकवला आणि म्हणाली, "रडायचं तर खुशाल रड बाई, पर हात रिकामं ठेवू नगंस. एवढी माती मळून दे मला."

वासंती ट्रंकेवर बसली आणि रडत रडत माती मळू लागली. माती गार होती. बोटांत शिरत होती, दाबली की दबत होती आणि पुन्हा वर येत होती. रडू कधी थांबलं ते तिला कळलं नाही. मोटार सुटून गेली, तेही कळलं नाही. संध्याकाळी हौसाबाईनं तिला ट्रंकेसकट वसतिगृहाच्या दारापाशी आणून सोडलं आणि सांगितलं, "उद्या यायचं असंल तर ये. माती काय, हाये तिथंच."

वासंती दुसऱ्या दिवशी गेली. मग जातच राहिली.

सुरुवातीला तिच्या हातून एक पणतीही नीट होईना. चाक फिरू लागलं की माती एका अंगाला पळे आणि फिसकन बसून जाई. हौसाबाई हसून लोटपोट होई. मग मागून येऊन तिच्या हातांवर आपले हात ठेवी आणि म्हणे, "जोर नगं. नुसती सोबत कर तिला." एक दिवस मातीनं खरंच मान वर काढली आणि वासंतीच्या बोटांमधून एक छोटं बोळकं उभं राहिलं. तेव्हा ती एवढ्या मोठ्यानं ओरडली, की शेजारच्या घरातली माणसं काय झालं म्हणून धावत आली.

ती शेजारची माणसं जत्रेतल्या सोंगांचे मुखवटे बनवत. वासंती त्यांच्याकडेही जाऊन बसू लागली. कागदाच्या लगद्याचा राक्षस वाळला की त्याचे डोळे रंगवायला मिळावेत म्हणून ती हटून बसे. गल्लीच्या टोकाला चित्रं दाखवत कथा सांगणारं एक कुटुंब होतं. संध्याकाळी तिथं वीणा वाजू लागली, की चित्रातलं हरीण आता उडी मारणार, असं तिला दर वेळी वाटे. हळूहळू तिथली बोली तिच्या जिभेवर आली. भाताची चव लागायला लागली. मन रमलं, तसं अभ्यासातही डोकं चालू लागलं. ती हौसाबाईला आजी म्हणू लागली. ज्या शहरातून पळून जायला ती निघाली होती, ते शहर आता तिला आपलं वाटत होतं.

पाहता पाहता वर्ष सरलं. शहरात देवीची जत्रा भरली. हौसाबाईनं बाजारात मडकी मांडली आणि वासंतीही मातीच्या हातांनीच तिच्या शेजारी पदर खोचून बसली. गिऱ्हाईक आलं की ती मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐकवी आणि तिथल्याच बोलीत म्हणे, "बघा, कसं खणखणतंय!"

तेवढ्यात समोरच्या गर्दीतून विश्वंभरशेठ आले.

लेकीला अचानक भेटून खूष करावं म्हणून ते न कळवता आले होते. सोबत नारायणशेठ होते. नारायणशेठ त्यांच्या पेठेतले मोठे गृहस्थ, त्यांच्या शब्दावर गावात माणसाची पत ठरे. त्यांनी वासंतीला पाहिलं, मांडलेली मडकी पाहिली आणि मोठ्यानं म्हणाले, "काय विश्वंभरशेठ, पोरीला शिकायला पाठवलंत की मडकी विकायला?"

आजूबाजूचे चार लोक हसले. शेठजींचा चेहरा उतरला. वासंती ताडकन उठून उभी राहिली.

"नाही बाबा," ती म्हणाली. "मी... मी नुसती पाहायला थांबले होते. या बाईंची नि माझी ओळखसुद्धा नाही."

हौसाबाई तिच्यापासून हातभर अंतरावर होती. तिनं क्षणभर वर पाहिलं. मग हातातलं फडकं झटकलं आणि एखाद्या परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, "बाईसाब, जरा सरकून उभ्या ऱ्हावा. लुगड्याला माती लागंल."

त्या 'बाईसाब'नं वासंतीच्या काळजाला घरं पडली.

ती वडिलांबरोबर जत्रेत फिरू लागली. रंगवलेल्या मुखवट्यांची सोंगं नाचत गेली. त्यातल्या एका राक्षसाचे डोळे तिनंच रंगवले होते, पण तिला ते वडिलांना दाखवता येईना. चित्रकथेची वीणा वाजत होती, हरणाचं चित्र आलं, आणि ते नुसता रंगीत कागद वाटलं. वर्षभर ज्या मजेनं तिला हसवलं होतं, ती सगळीच कुणी काढून नेल्यासारखं झालं. नारायणशेठ पुढं प्रसादाच्या रांगेत गेले, तशी ती थांबली.

"बाबा, मी खोटं बोलले."

शेठजी म्हणाले, "तुझ्या कोपरापर्यंत माती आहे, पोरी. ते मला दिसलं होतं. पण खोटं कशासाठी बोललीस?"

"तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

 शेठजी म्हणाले, "वाटली, हे खरं आहे. आता सांग, कोण आहे ती बाई?"

वासंतीनं सगळं सांगितलं. भरलेली ट्रंक, चुकलेला रस्ता, मातीचा गोळा. "त्या दिवशी त्यांनी मला माती मळायला बसवलं नसतं, तर मी शिक्षण सोडून घरी आले असते. बाबा, इथं मला तुमच्यासारखं जपणारं एकच माणूस होतं, आणि मी त्यांना ओळखत नाही म्हणाले."

बोलता बोलता ती वळली आणि गर्दीतून वाट काढत मडक्यांपाशी गेली. तिथं गिऱ्हाइकांची दाटी होती. त्या सगळ्यांदेखत ती खाली वाकली आणि तिनं हौसाबाईचे पाय धरले.

"आजी, तुमची-माझी ओळख नाही असं मी म्हणाले. माझं चुकलं."

हौसाबाईनं तिला उठवलं. तिचे डोळे भरून आले होते, पण ती म्हणाली, "कधी म्हनलीस? ह्या गलक्यात मला मेलीला काय ऐकू येतंय?"

मागून शेठजी आले होते. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि हात जोडले. "बाई, पोर दूर ठेवली तेव्हा तिला भूक लागली तर कोण विचारील, ह्या काळजीनं मला घास जात नव्हता. ती तुमच्या अंगणात होती, हे मला ठाऊकच नव्हतं."

"अंगन हाये, पोर आली," हौसाबाई म्हणाली. "त्यात माझं काय?"

शेठजींनी मांडलेल्या मडक्यांवरून नजर फिरवली. "हिनं केलेलं कुठलं?"

वासंतीनं लाजत एक घागर दाखवली. घागरीचा गळा थोडा कलला होता. शेठजींनी ती दोन्ही हातांनी उचलली, लहान लेकरू घ्यावं तशी खांद्याशी धरली आणि ते लेकीबरोबर जत्रेतून चालू लागले.

देवळापाशी नारायणशेठ भेटले. त्यांनी घागरीकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "हे काय, विश्वंभरशेठ?"

"माझ्या मुलीनं घडवलीय," शेठजी सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. "आणि जिनं तिला शिकवलं, ती हिची आजी तिकडं बसलीय. चला, तुमची ओळख करून देतो."

तात्पर्य: परक्या मुलखात ज्यांनी आपल्याला जीव लावला आणि आनंद दिला, त्यांची ओळख चारचौघांत सांगायला कधी लाजू नये; लाज वाटून ती नाकारली, तर तो आनंदही आपल्यापाशी राहत नाही.