हरलेल्यांची मिरवणूक

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल, शब्दही साधेच आहेत. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

एकदा एक लहान पक्ष मोठ्या पक्षाशी युती करून नगरपालिकेच्या निवडणुकीत उतरला आणि सपाटून आपटला. साऱ्या गावात मिळून एकच जागा आली. पक्षाचे संस्थापक अप्पा वृद्ध होते. कारभार त्यांचा तरुण शिष्य पाहत असे. तो स्वतःही पडला होता.

निकाल लागताच मोठ्या पक्षाचे अध्यक्ष आले. शिष्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता वेगळी चूल कशाला? उद्या सकाळी बंगल्यावर या, आमच्यात विलीन होऊन जा. तुमच्या माणसांना कुठंतरी चिकटवू."

शिष्याने मान खाली घातली. त्याला ते पटलेही होते.

अध्यक्षांची गाडी वळताच अप्पा म्हणाले, "हलगीवाल्याला बोलाव. पेढेही आण."

"अप्पा, आपण हरलोय!"

"ठाऊक आहे. मतमोजणीला मीही होतो."

विजयी उमेदवारांचा गुलाल चौकात उडत होता आणि अप्पा, शिष्य, हलगीवाला व एक कार्यकर्ता असे चौघे हलगी वाजवत दारोदार निघाले. शिष्याला धरणी दुभंगेल तर बरे, असे झाले.

"काय अप्पा, निकाल उलटा वाचला का?" पारावरून एक जण ओरडला.

अप्पांनी त्याच्याही हातावर पेढा ठेवला. "मत दिलंत, आभारी आहे."

"मी कुठं दिलं तुम्हाला?"

"मग शेजाऱ्याला द्या. त्यानं दिलं असेल."

शेवटच्या गल्लीत एका म्हातारीने दार किलकिले केले. पेढा घेऊन ती हळूच म्हणाली, "मी दिलं होतं. सकाळपासून सून ऐकवतेय, मत वाया घालवलंत म्हणून."

"वाया कसं जाईल, आक्का? तेच घ्यायला आलोय."

आक्कांनी पदर खोचला, पायांत चपला सरकवल्या आणि त्या हलगीमागे चालू लागल्या. मग शेजारचे दार उघडले. मग समोरचे. गल्ली संपेपर्यंत मागे माणसे मावेनात, आणि शिष्याची मान आपोआप वर झाली होती.

तेव्हा अप्पा म्हणाले, "अरे, आज आपण एकटे हरलो नाही. ज्यांनी आपल्याला मत दिलं, तेही दाराआड बसून टोमणे खात होते. मत गुप्त असतं. कुणी दिलं ते कळत नाही, म्हणून प्रत्येक दारी जावं लागतं. जागा जातात, पुन्हा येतात. पराभवात आपला माणूस एकटा पडला, की पक्ष संपतो. आता सांग, यांना न विचारता तू कुणात विलीन होणार?"

शिष्याने वळून आधी आक्कांना विचारले, मग एकेकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बंगल्यावर गेला. मागून अख्खी गल्ली आली. तो म्हणाला, "साहेब, युती राहील. पक्षही राहील."

अध्यक्षांनी एकवार फाटकापर्यंतची गर्दी पाहिली. आवाज मऊ करून म्हणाले, "बरं, बरं. बसा ना तुम्ही."

"बसतो," तो म्हणाला, "पण आधी आक्कांना खुर्ची द्या."